गाउजाय, ऊठ

१

बिकवानने पन्नाशी ओलांडली, पण तिचा गळा काही आठ वर्षांच्या पुढे गेला नाही. काउलूनमध्ये तयार होणाऱ्या कुठल्याही सिनेमात पोर रडलं, हट्टाला पेटलं, की तो आवाज हिचा. बाई स्वतः चांगली धिप्पाड, गुडघेदुखीने बेजार, आणि माइकसमोर उभी राहिली की गळ्यातून असं काही चिमणं बोलायची की नवा माणूस खोलीत पोर शोधायला लागायचा.

त्या काळात आमच्याकडे मारामारीचे सिनेमे मुकेच काढत. शूटिंगला नुसता बाजार असायचा. फाइट मास्टर आईबहिणीवरून शिव्या घालतोय, वाऱ्याचे पंखे घरघरतायत, कोणी कोपऱ्यात बसून भुरके मारत शेवया खातोय. आवाज सगळा मागाहून, डबिंगच्या खोलीत. फितीचा एक तुकडा घ्यायचा, दोन टोकं जोडून त्याचं कडं करायचं आणि यंत्रावर चढवायचं. मग तेवढाच प्रसंग पडद्यावर गोल गोल फिरत राहतो, आणि माइकभोवती उभे राहून आम्ही ओठाला ओठ जुळवत बसतो. सवय झाली की त्यात काही वाटत नाही. माणूस मरतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा मरतो, आणि आम्ही मधल्या मधे चहा पितो.

या खेपेचा सिनेमा तलवारबाज पुजाऱ्याचा होता. बांबूच्या बनात तो भुतांच्या फौजेशी लढतो, हवेत उडतो, शेवटी मरून पडतो आणि मग आत्मा होऊन उठतो. पुजारी म्हणजे येउंग, तेव्हाचा मोठा हीरो. पण मेल्याचं काम येउंग करत नसे. त्याच्या ज्योतिषाने म्हणे बजावलं होतं. म्हणून त्याचे कपडे चढवून, अर्ध्या तोंडावर केस ओढून, मेलेला पुजारी म्हणून पडला होता त्याचा डुप्लिकेट, हॉन-मिंग.

हॉन-मिंग हा बिकवानचा मुलगा. एकुलता एक.

त्या शॉटच्या दुसऱ्याच दिवशी उडण्याचा प्रसंग घेताना कमरेची तार तुटली. वरून आला तो दगडावरच. तेव्हापासून तो डोंगरावरच्या सरकारी दवाखान्यात पडून होता. नाकात नळी, श्वास चालू, पण डोळे काही उघडले नाहीत. वादळांचे दिवस येऊन गेले, हवा कोरडी झाली, आणि मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी बिकवानला बाजूला घेऊन सांगितलं, "आता मनाची तयारी करा."

डबिंगचे दिग्दर्शक ताम काका तोंडाचे फाटके पण मनाचे मऊ. ते म्हणाले, "बिकवान, हे रीळ मी दुसरीला देतो. तू कशाला जीव जाळतेस?"

"कोणाला देताय बघतेच," ती म्हणाली. "तिथे नळ्यांतून तोंडसुद्धा नीट दिसत नाही हो त्याचं. इथे निदान अख्खा दिसतो."

काका सिगारेट पेटवून काचेपलीकडे जाऊन बसले.

२

प्रसंग साधा होता. पुजारी मरून पडलाय, आजूबाजूला पडलेले सैनिक, वाऱ्याने हलणारे बांबू. पुजाऱ्याची लहानगी शिष्या धावत येते, त्याच्या छातीवर डोकं ठेवते आणि रडते, "गुरुजी, उठा ना! गुरुजी!" बस. एवढंच.

दुपारी जेवण आटपून कडं चढवलं. पडदा उजळला. बिकवानने पोराला डोळे भरून पाहून घेतलं आणि पोरीच्या आवाजात टाहो फोडला. काका काचेमागून ओरडले, "झकास! अजून एकदा."

दुसऱ्यांदा ती "उठा ना" म्हणाली आणि हॉन-मिंगच्या पापण्या हलल्या.

अगदी थोड्या. झोपेत असताना कोणी आपलं नाव घेतलं तर हलतात ना, तशा.

आता यात नवल ते काय? मेल्याचं काम करणारा माणूस काही मेलेला नसतो. डोळ्यात धूळ गेली असेल, पंख्याचा वारा लागला असेल. तिनेही हेच स्वतःला सांगितलं. पण तेच कडं तिसऱ्यांदा आलं तेव्हा ती खोकला आला म्हणून गप्प राहिली, आणि त्या फेऱ्यात पापण्या हलल्या नाहीत.

फीत तीच. छापलेलं चित्र. ते तिच्या खोकल्याचं काय ऐकणार?

"काका, हे जरा तुम्ही बोलून बघा," ती म्हणाली.

"मी? पोरीचं? या घशातून?" काका हसले, पण तिचा चेहरा पाहून आत आले आणि आपल्या घोगऱ्या आवाजात बोलले, "गुरुजी, उठा ना." काही नाही. पडद्यावर पोरगा निपचित पडलेला. मग ती बोलली आणि पापण्या थरथरल्या.

"दिसलं?"

"काय?" काका म्हणाले. "फितीवर ओरखडे आहेत गं, दिवा फडफडतो. डोळे चेपून घे जरा. चहा सांगतो."

चहा आला, तिने घेतला नाही. मनाला पटवत राहिली, की दिवा फडफडतो, दिवाच फडफडतो. कोण आई यावर गप्प बसेल?

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला आली. पोराच्या पापण्यांवरून नजर हटवली म्हणून आली, तेवढंच. चौकटीच्या कडेला, बांबूंच्या मुळाशी, एक सैनिक पालथा पडला होता. बाकी सगळ्यांच्या पायांत कंपनीने दिलेले काळे कापडी जोडे होते. हा अनवाणी होता.

३

जाड्या म्हणजे हॉन-मिंगचा जोडीदार. तोही फाइटर, दोघं एकाच तालमीत वाढलेले. रोज दवाखान्यात येऊन बसायचा आणि हॉन-मिंगच्या तळव्यांना तेल चोळायचा. त्या संध्याकाळी बिकवान आली तेव्हा तो नेहमीसारखा बोलेना.

"काय रे, जीभ कुठे ठेवून आलास?"

"मावशी, एक सांगू? आधी मारणार नाही म्हणा."

"आधी सांग, मग बघते."

त्याने तेलाची बाटली बंद केली, पुन्हा उघडली. "त्या दिवशी मेल्याचा शॉट झाला ना, तेव्हा याला उठवलाच नाही हो."

बिकवानच्या हातातला डबा तसाच राहिला. आमच्या धंद्यात हे लहान पोरालाही ठाऊक. मेल्याचं काम केलं की शॉट संपताच त्या माणसाच्या हातात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट द्यायचं, त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, "ऊठ, जेवायला चल" म्हणायचं, आणि त्याने डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तेवढं झालं की तो जिवंतांत परत आला. कितीही घाई असो, हे कोणी चुकवत नाही.

"उठवलं नाही म्हणजे? मग तो काय तिथेच झोपला?"

"उठला तो आपला आपण. पण झालं काय, मॅनेजर नवा होता. पाटीवर नाव येउंगचं, कपडे येउंगचे, तोंडावर केस. त्याने आपली हाक मारली, 'येउंगसाहेब, उठा, जेवायला चला!' आणि येउंग तर तिकडे छत्रीखाली बसलेला. तो म्हणाला, 'मी उठलेलाच आहे रे बाबा!' सगळे खो खो हसले. पाकीटही त्यालाच दिलं गमतीने. हॉन-मिंगही हसला, मावशी. कपडे झटकत उठला आणि भाताला गेला. मला तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. भूक लागली होती हो सगळ्यांना."

तिने मारलं नाही. डबा खाली ठेवला आणि मुलाच्या पलंगाच्या कडेला बसली. नळीतून बुडबुडे येत होते.

"आणि तो अनवाणी कोण होता?" तिने विचारलं. "बांबूंच्या मुळाशी, पालथा?"

"तिथे?" जाड्याने कपाळाला आठ्या घातल्या. "तिथे कोणी नव्हतं, मावशी. तिथे पंखा होता वाऱ्याचा. मीच धरून बसलो होतो."

४

रात्रभर ती विचार करत राहिली, आणि विचार कसला, एकच गोष्ट उलटीपालटी करत राहिली. पोराला उठवायचं राहिलंय. मग उठवायचं. आईने नाही तर कोणी? या सगळ्याला वेड म्हणतात हेही तिला कळत होतं. पण डॉक्टरांच्या शहाणपणाने तरी काय दिलं होतं? मनाची तयारी.

प्रश्न होता तो नावाचा. हॉन-मिंग हे नाव शाळेसाठी ठेवलेलं. घरात ते कधी कोणी उच्चारलं नाही. तिची दोन मुलं आधी गेली होती, म्हणून हा झाला तेव्हा आजीने त्याला हाक मारली, "गाउजाय." म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. वाईट नजरेला वाटावं, असल्या कुत्र्याच्या पिल्लाला कोण नेणार? पोर जगलं. चांगलं बाप्या झालं, भिंतीवरून कोलांट्या मारायला लागलं, तरी आईच्या तोंडी गाउजायच राहिलं. चारचौघांत हाक मारली की लाजायचा. "मम्मी, लोक ऐकतात ना!"

उठवायचं तर त्याच नावाने. दुसऱ्या कुठल्या नावाला तो उठलाच नव्हता कधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काकांना सांगितलं, "तेच कडं लावा. आणि मध्ये बोलू नका."

पडदा उजळला. बांबू हलले. मुलगी धावत आली, छातीवर कोसळली. बिकवान माइकला इतकी चिकटली की ओठ जाळीला लागले. आवाज पोरीचा नाही, तिचा स्वतःचा, भाजी मंडईत लांबून हाक मारावी तसा निघाला. "गाउजाय! ऊठ रे! जेवायला चल!"

हॉन-मिंगच्या पापण्या उघडायला लागल्या.

तिला ओरडायचं होतं, हसायचं होतं. पण नजर कडेला गेली. बांबूंच्या मुळाशी त्या अनवाण्या माणसाचं डोकं वर उचललं गेलं होतं. चेहरा दिसत नव्हता. नुसता डोक्याचा मागचा भाग, चिखलाने चिकटलेले केस, आणि खांद्यांची अशी झटक्याची हालचाल, हाक ऐकून लगबगीने उठणाऱ्या माणसाची.

खाट् आवाज झाला आणि फीत तुटली. पडदा पांढरा पडला. खोलीत जळका वास पसरला.

काका शिव्या घालत यंत्राकडे धावले. त्यांनी काही पाहिलं की नाही कोण जाणे. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. दवाखान्यातून होता. हॉन-मिंगने डोळे उघडले होते.

५

काय तो आनंद! नर्स हसतेय, डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणतोय, जाड्या भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडतोय. बिकवान धापा टाकत जिना चढून आली आणि मुलाला मिठी मारली. अंग ऊबदार होतं. मानेपाशी तेलाचा वास होता. तिचं पोर होतं ते, तीळ नि तीळ ओळखीचा.

त्याने तिच्याकडे पाहिलं. बघतच राहिला. मग पाय पोटाशी घेतले आणि तळवे चादरीत गुंडाळून घेतले.

"तुमीच हाक मारली नव्हं, माय?" तो म्हणाला.

आवाज हॉन-मिंगचा. बोली मात्र कुठली तरी डोंगरापलीकडची. तसं बोलणारं शहरात कोणी उरलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला मार आहे. सुरुवातीला काहीबाही बोलतात. येईल ताळ्यावर."

येईल. येईल ना. ती मान हलवत राहिली. डबा उघडून तिने पेज वाटीत ओतली. गडबडीत शेजारणीने केलेलीच पेज तिने उचलून आणली होती आणि त्यात आलं होतं. आल्याचा वास आला तरी हॉन-मिंग वाटी भिरकावायचा. याने वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडाला लावली आणि बोटाने पुसून चाटली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

सगळे बाहेर गेल्यावर तिने दार लोटलं.

"नाव काय तुझं?"

"गाउजाय," तो म्हणाला. आणि तिचा चेहरा पाहून घाबरून पुढे म्हणाला, "खरंच. माझी माय बी हेच म्हनायची."

अर्थातच म्हणायची. कुठल्या गावात नसतो गाउजाय? ज्या ज्या आईला पोर जगेल की नाही अशी धास्ती, तिने तिने हेच नाव ठेवलेलं. नजरेला चकवायला ठेवलेलं नाव, आणि चकली शेवटी आईच. तिला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

"आणि तो?" तिने विचारलं. "माझा?"

त्याने मान खाली घातली. "तो बी उठत व्हता. मी लवकर उठलो." त्याने तिचा हात धरला. हॉन-मिंगचाच हात तो, तलवारीचे घट्टे पडलेला. "लई वर्सं कुनी हाकच मारली नाही, माय. लई गार हाय तिथं. मला परत नका निजवू."

पोर होतं हो. अंगाने तिच्या मुलाएवढं, पण आतून पंधरा-सोळाचं असेल. कोणाचं तरी पोर. तिने हात सोडवून घ्यायला पाहिजे होता. तिला ते जमलं नाही. तो झोपला तेव्हा कुठे ती उठली.

६

काकांनी फीत जोडून ठेवली होती. तिने लावा म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. काचेमागचा दिवा तेवढा मालवून टाकला. बाहेर कलतं ऊन, फेरीवाल्याची घंटी, आणि आत तो काळोख.

बांबू हलले. मुळाशी आता कोणी नव्हतं. गवत मात्र माणसाच्या आकारात दबलेलं होतं.

हॉन-मिंग जागच्या जागी पडलेला. ओठ निळसर दिसत होते. हे आधी होतं का? रंग लावला असेल मेकअपवाल्याने. असेल. या वेळी चुकायचं नव्हतं. आडनावासकट, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं पुरं नाव. या नावाचा तिथे दुसरा कोणी असणार नाही.

"ल्यूंग हॉन-मिंग," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. दचकून नाही, सावकाश. मान वळवली आणि छातीवर रडणाऱ्या पोरीच्या डोक्यावरून त्याने सरळ तिच्याकडे, माइकसमोर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. ओळख पटली. ती पटलेली दिसली. एवढे महिने ज्यासाठी ती तडफडली, ते तिला त्या मुक्या चित्रात मिळालं. त्याच्या ओठांनी "मम्मी" म्हटलं. ओठ वाचायचाच तिचा धंदा, तिला आवाजाची गरज नव्हती.

मग त्याने तळवा जमिनीवर टेकला, कोपरावर भार घेतला आणि उठायला लागला.

तेव्हा कुठे बिकवानच्या ध्यानात आलं. उठून हा येणार कुठे?

पलंगावर तो दुसरा झोपला होता. उशाशी रिकामी वाटी. नळी काढलेली. जाड्या बाहेर बाकावर डुलक्या घेत असेल. याला आत घ्यायचं तर त्याला बाहेर काढायचं, त्या गारठ्यात, पालथा, अनवाणी. ते कसं करतात हे तिला माहीत नव्हतं, पण आपल्याला ते जमेल असं तिला आतून वाटत होतं. दोन शब्द पुरले असते. तिने तोंड उघडलंही. हाताला अजून त्याच्या पकडीची ऊब होती. मला परत नका निजवू.

आणि नाही जमलं तर? मग हा उठेल आणि ना तिथला ना इथला, उभ्याचा उभा कुठे राहील?

हॉन-मिंग गुडघ्यावर आला होता. तिच्याकडे बघून हसत होता, जेवायला बोलावल्यावर हसायचा तसं.

"नाही रे राजा," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तिने तो धरून ठेवला. "उठू नकोस. चुकून हाक मारली मम्मीने. नीज तू. मी आहे इथे. नीज, बाळा."

तो घोटाळला. भुवया वर गेल्या, ओठ काही विचारू पाहत होते. तिने मान हलवली आणि हवेतच थोपटलं, एकदा, दोनदा.

लहानपणी या पोराला झोपवताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. गाणी म्हण, धाक दाखव, पाठ थोपट, तरी टक्क जागा. आज त्याने पहिल्यांदाच निमूट ऐकलं. कोपर सैल सोडलं, डोकं पानांवर टेकलं आणि डोळे मिटून घेतले.